जाकीट अंगातून काढू नये

शिंपी मास्तरांनी मालकांचा उजवा हात टेबलाच्या खणात कोंबला आणि गुडघ्याने खण बंद केला. आवाज दोनदा आला, आधी लाकडाचा आणि मग मालकांचा.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. ऑफिसात आम्ही तिघंच. तिकिटांचं काम बघणारी मुलगी पासपोर्टांचा गठ्ठा घेऊन वकिलातीत गेली होती. मास्तर आत आले तेव्हा मी उठून खुर्ची पुढे केली होती. त्यांची बायको जाऊन सोळा दिवस झाले होते आणि त्यानंतर ते पहिल्यांदाच येत होते. ते बसले नाहीत. दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. आमचे दोन्ही मोबाइल उचलून पाण्याच्या जगमध्ये सोडले, इतक्या शांतपणे की मला वाटलं, काहीतरी धुताहेत. मग पिशवीतून कापड कापायची मोठी कात्री काढून टेबलावर ठेवली आणि मालकांचं मनगट धरलं.

"ही ओळ कुणाची?"

मास्तरांच्या डाव्या हातात आमचं पत्रक होतं. त्याला घड्या पडल्या होत्या आणि एका कोपऱ्याला काहीतरी सांडून वाळलं होतं.

"मास्तर, अहो हात... हात!"

"ओळ कुणाची, विचारलं मी."

"तिची!" मालक ओरडले. "हवामान तीच बघते. विचारा तिला. वेधशाळेत होती अकरा वर्षं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"ओळ माझी नाही," मी म्हणाले.

"आणि ही खूण?"

"खूण माझी."

उष्ण देशांत सहली नेणारी आमची छोटी कंपनी. निघण्याआधी प्रत्येक प्रवाशाला एक पत्रक मिळतं: तिथलं हवामान आणि अंगावर काय घालावं. डावीकडे महिनावार तापमान, आर्द्रता, पाऊस. उजवीकडे मजकूर. मजकूर मी लिहून द्यायचे, मालक तो सुधारायचे, आणि छापण्याआधी कागद माझ्याकडे परत यायचा. मी डावीकडचे आकडे एकेक करून पडताळायचे आणि खाली लाल पेन्सिलने बरोबरची खूण करायचे. ती खूण आकड्यांची होती. मालकांना ती इतकी आवडली की त्यांनी ती मोठी करून पत्रकाच्या डोक्यावर छापायला सुरुवात केली. शेजारी शब्द होते: 'हवामानतज्ज्ञांनी तपासलेलं'. मी काही बोलले नाही.

या पत्रकात मी लिहिलं होतं, सैल, सुती, फिकट कपडे घालावेत, जाकीट फक्त पाऊस पडत असतानाच घालावं. मागच्या वर्षी एका सहलीत दोन माणसं गर्दीत चुकली होती. तेव्हापासून मालकांनी सगळ्यांना एकसारखी नारिंगी जाकिटं द्यायचं ठरवलं. लांबून दिसतात आणि गाइडला माणसं मोजायला सोपी जातात. माझं वाक्य खोडून त्यांनी लिहिलं: 'गटाचं जाकीट सहलीच्या ठिकाणी दिवसभर घालावं, अंगातून काढू नये.' शेजारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात तापमान एकतीस आणि आर्द्रता अठ्ठ्याऐंशी टक्के होती. मी ते आकडे तपासले. बरोबर होते. मी खूण केली.

जाकिटं मास्तरांनी शिवली होती. आतून रबराचा थर दिलेलं कापड. त्यातून पाणी आत जात नाही आणि वाफ बाहेर पडत नाही. काम वेळेत झालं म्हणून खूश होऊन मालकांनी त्यांच्या बायकोला सहलीत एक जागा भेट दिली होती. उंच सुळक्यावरून समुद्र बघायचा, सहाशे चाळीस पायऱ्या. ती पायऱ्यांवरच गेली.

"मी तुम्हाला म्हटलं होतं," मास्तर माझ्याकडे बोट करून मालकांशी बोलत होते. "साहेब, हे कापड श्वास घेत नाही, उन्हात घालायचं नाही. तुम्ही काय म्हणालात? मास्तर, तुम्ही शिवा, शिकलेल्या बाईने तपासलंय. म्हणालात ना?"

"म्हणालो."

"आणि बाईने काय तपासलं?"

"आकडे," मी म्हणाले.

त्यांनी मला मारलं. थप्पड नव्हे, मूठ. चष्मा फुटला, त्याची काडी गालात घुसली आणि मी फायलींच्या कपाटावर आदळले. तोंडात रक्ताची चव आली. दात जिभेने मोजले, सगळे होते.

"उठा," ते म्हणाले. "दोघं वर चला."

मागच्या दारातून लोखंडी जिना गच्चीवर जातो. गच्चीवर पाण्याची टाकी आणि शेजारी पत्र्याची खोली. उरलेल्या जाकिटांची खोकी आम्ही तिथे ठेवायचो. मास्तरांनी मालकांना पुढे घातलं. जाताना माझ्या टेबलावरचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र उचलून माझ्या हातात दिलं.

"हे असू द्या. तुमचंच काम आहे."

खोलीत शिरताच घशाला कोरड पडली. त्यांनी दार लावून घेतलं. यंत्राने त्रेचाळीस दाखवले.

मग त्यांनी मालकांना जाकीट घातलं. एक नव्हे, दोन. मोडलेली बोटं बाहीतून ढकलताना मालक गुरासारखे ओरडले आणि मास्तर मात्र दुकानात बोलावं तसं बोलत होते.

"खांद्यात दाटतंय का साहेब? अंगाने भरलात तुम्ही. आधी माप दिलं असतं तर सैल केलं असतं."

"मास्तर, वहिनी मला बहिणीसारख्या होत्या."

"बहिणीला हेच घातलं असतंत?"

"हो. म्हणजे... नाही, तसं नव्हे..."

"बघा, गडबडले."

त्यांनी चेन गळ्यापर्यंत ओढली आणि मेण लावलेला जाड दोरा वाकड्या सुईत ओवला. चेनीवरची पट्टी ते कॉलरला शिवू लागले, जवळजवळ, एकसारखे टाके. "हलू नका, टोचेल," म्हणाले, मालक हलले, आणि सुई हनुवटीखाली कातडीतून गेली. मास्तरांनी ती मागे घेतली, पुसली आणि टाका पुन्हा घातला. शेवटी दोरा दातांनी तोडला.

मी दाराकडे सरकत होते. पिशवीतून त्यांनी मापायचा लाकडी गज काढला आणि न बघताच माझ्या पोटरीवर हाणला. मी खाली बसले.

"बाई, तुम्ही मोजायचं. मोठ्याने."

फूटभर उंचीचं एक लाकडी खोकं त्यांनी मधोमध ठेवलं. चढायचं, उतरायचं, ती एक पायरी.

"सहाशे चाळीस," ते म्हणाले. "चला साहेब. गट पुढे गेला."

मी मोजायला लागले. मालक थांबले की गज बसायचा, पोटऱ्यांवर, मांड्यांवर, कमरेवर. पन्नासला त्यांचा चेहरा लाल झाला होता. शंभरला केसांतून पाणी गळत होतं, पण जाकिटाच्या आतला घाम जाणार कुठे? तो बाह्यांतून आणि कमरेखालून थेंबाथेंबाने जमिनीवर पडत होता. घाम वाळला तरच अंग थंड होतं, नुसता गळून काही उपयोग नाही. हे मी शाळेतल्या पोरांनाही समजेल असं कित्येकदा सांगितलेलं होतं. पत्रकात मात्र नव्हतं.

दर पन्नासाला मास्तर एकच प्रश्न विचारत.

"थंडी वाजते का?"

"काय?" मालक धापा टाकत म्हणाले.

"थंडी. वाजते का?"

"वेडा झालास काय रे? भट्टीत घातलंस आणि..."

गज तोंडावर बसला. वरचा ओठ फाटला.

"एकशे एक्कावन्न," मी म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा चालली आहे. पण दर वेळी विचारताना ते मालकांच्या तोंडाशी वाकत आणि उत्तराची वाट बघत. चेष्टा करणारा माणूस उत्तरासाठी थांबत नाही.

दोनशे तीसला मालक मला म्हणाले, "तू सांग ना त्याला! बोल काहीतरी! दगड झालीस काय?"

मी बोलायला हवं होतं. पण मी बोलले तर गज माझ्यावर येणार होता, आणि ओळ मालकांनी लिहिली होती, हे मास्तरांना आता पटलेलं दिसत होतं. मी गप्प राहिले तर ते मला सोडतील, हा हिशोब माझ्या डोक्यात झाला होता. मोजता मोजता झाला. मला त्याची लाज वाटली, पण मी मोजत राहिले.

तीनशे दहाला मालकांना उलटी झाली. कॉलर घट्ट शिवलेली, त्यामुळे ती जाकिटावरच ओघळली. मास्तरांनी गजाने त्यांना उभं केलं. तीनशे पन्नासला ते खोक्यावरून पडले, कपाळ पत्र्यावर आपटलं, पुन्हा उठले. आता त्यांचे डोळे आम्हाला बघत नव्हते.

"माणसं मोजली का?" ते कोणाला तरी विचारत होते. "एकवीस पाहिजेत. वीसच दिसतात. मोज परत."

माणूस थकतो तेव्हा तक्रार करतो, असं असंबद्ध बोलत नाही. असं बोलायला लागला की मेंदू तापलेला असतो आणि पुढे वेळ फार थोडा असतो.

"मास्तर, बास," मी म्हणाले. "आता हे जातील."

"आकडा?"

"तीनशे पंच्याहत्तर. मास्तर, ऐका..."

"चला साहेब."

मालक एक पाय खोक्यावर ठेवून उभे राहिले आणि थरथरायला लागले. दात वाजत होते. हनुवटीखाली सुई लागलेल्या जागेभोवती मानेवर काटा आला होता, तो मला चष्म्याशिवायही दिसला.

"थंडी वाजतेय," ते म्हणाले. "खिडकी लावा कोणीतरी. थंडी वाजतेय मला."

मास्तरांचा गज हवेतच राहिला.

"खोटं बोलतोय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "खोटं बोलतोय ना? मघापासून मी विचारतोय म्हणून आता म्हणतोय. त्रेचाळीस डिग्रीत माणसाला थंडी कशी वाजेल?"

"वाजते," मी म्हणाले.

"नीट विचार करून सांगा."

"वाजते, मास्तर. ताप चढताना हुडहुडी भरते ना, तसंच काहीसं. अंग आतून तापलेलं असतं आणि शरीराचं गणित बिघडतं. काटा येतो, थंडी वाजते. ते वाईट लक्षण असतं. त्या क्षणी कपडे काढायचे असतात."

"काढायचे."

"सगळे. आणि पाणी ओतायचं."

मालक खोक्यावर छाती टेकून कलंडले. मी त्यांच्याकडे निघाले तर मास्तर मधे आले. कात्री त्यांच्या हातात होती.

"तिचा फोन आला होता," ते म्हणाले. "मधे एक ओटा आहे पायऱ्यांवर, तिथून. दुकानात गिऱ्हाईक होतं. म्हणाली, अहो, मला थंडी वाजतेय. मी म्हटलं, उंचावर वारा असेल, चेन वर ओढून घे. ती म्हणाली, गुदमरतंय हो. मी म्हटलं, कागदावर लिहिलंय ना काढायचं नाही म्हणून, शिकलेल्या माणसांनी तपासलंय, तू जास्त शहाणपणा करू नकोस. मग तिने ओढली. आवाज आला मला चेनीचा. मीच बसवलेली चेन."

"मास्तर..."

"डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय उष्माघात. मी म्हटलं, असं कसं? तिला तर थंडी वाजत होती. काहीतरी चुकलंय. म्हणून म्हटलं बघावं." त्यांनी कात्रीचं टोक माझ्या गळ्यापाशी आणलं. "म्हणा, खोटं आहे. तुमच्यासारख्या बाईने म्हटलं तर मी मानीन. म्हणा, थंडी वाजली तर कपडे घालायचे असतात. तिने बरोबर केलं. मी बरोबर सांगितलं."

मालकांच्या घशातून घरघर यायला लागली होती. मी 'खोटं आहे' म्हटलं असतं तर मास्तर शांत झाले असते. कदाचित दार उघडून निघूनही गेले असते. पण खोटं आहे म्हटल्यावर मालकांचं जाकीट काढायचं कारणही उरलं नसतं. थंडी वाजणाऱ्या माणसाला पांघरूण घालतात. त्यांनी आणखी एक जाकीट घातलं असतं.

"खरं आहे," मी म्हणाले. "ओळ यांनी लिहिली. मी ती वाचली होती, मास्तर. आकडे तपासले, हे अर्धंच सांगितलं मी. ओळ वाचली, चुकीची आहे हे कळलं, आणि मजकूर माझं काम नाही म्हणून सोडून दिली. खूण केली. चेन तुमच्या सांगण्यावरून ओढली गेली. आपण तिघंही यात आहोत. आता बाजूला व्हा, हा माणूस मरतोय."

मी पुढे झाले. त्यांनी कात्री मारली. मी डावा हात आडवा घातला म्हणून ती गळ्याऐवजी कोपराखाली शिरली, हाडाला घासली आणि तिथेच अडकली. दुखलं नाही. फक्त हात जड झाला. मी त्यांना खांद्याने ढकललं. ते खोक्यांच्या थप्पीवर पडले आणि नारिंगी जाकिटांचा ढीग त्यांच्या अंगावर कोसळला.

मी कात्रीच्या मुठी धरून ती हातातून उपसली. रक्त कपड्यांवर पडत होतं, मालकांवर पडत होतं. गुडघ्यावर बसून मी त्यांच्या गळ्याशी शिवलेल्या पट्टीत कात्रीचं टोक घालायचा प्रयत्न केला. टाके इतके जवळ होते की टोक शिरेना. मूठ रक्ताने निसटत होती. मालकांचं तोंड निळसर पडलं होतं.

"तिथून नाही," मागून आवाज आला.

मास्तर ढिगाऱ्यात तसेच बसले होते.

"शिवणीच्या वाट्याला जाऊ नका. शिवण पक्की आहे, तुटायची नाही. पालथं करा त्यांना. पाठीवर मधोमध अखंड कापड आहे, खालून वर कापत या."

मला एका हाताने मालकांना पालथं करता येईना. मास्तर रांगत आले. त्यांनी मालकांना कुशीवर वळवलं, माझ्या हातातून कात्री घेतली आणि कमरेपासून मानेपर्यंत एका दमात दोन्ही जाकिटं उभी कापली. आतून वाफ निघाली. खरोखरची वाफ, तोंडावर आली माझ्या. शर्टही त्यांनी कापला. पाठ लालभडक होती, हात लावला तर चटका बसावा इतकी.

"आता?" त्यांनी विचारलं.

"पाणी. टाकीचं."

त्यांनी दार लाथेने उघडलं. मालकांना काखेत धरून ओढत टाकीच्या सावलीत नेलं, टाकीला लावलेली रबरी नळी सोडली. पाणी आधी गरम आलं, मग कोमट.

"मानेवर धरा," मी म्हणाले. "काखेत. जांघेत. थांबू नका."

ते नळी धरून राहिले. मी ओढणीने दंड आवळून बांधला, दाताने गाठ मारली. खालून दारावर धक्के बसल्याचे आवाज येत होते. तिकिटाची मुलगी परत आली असणार आणि बंद दार बघून कोणाला तरी बोलावून आणलं असणार.

"तिच्यावर असं पाणी घातलं असतं तर?" मास्तरांनी विचारलं.

मी मालकांची नाडी मोजत होते. एकशे साठच्या पुढे होती, पण होती.

"बोला ना."

"लगेच घातलं असतं तर बहुतेक वाचल्या असत्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि नळी मालकांच्या दुसऱ्या काखेत नेली.

खाली लाकूड फुटलं. बूट जिन्यावर वाजले. चार पोलीस गच्चीवर आले. त्यांना काय दिसलं असेल ते मला कळतं: अर्धा नागडा, सुजलेला माणूस पाण्यात पडलेला, रक्ताने माखलेली बाई, आणि शेजारी कात्री. पहिल्याने धावतच मास्तरांच्या पाठीत काठी घातली. दुसऱ्याने गुडघ्यामागे. नळी त्यांच्या हातातून सुटली आणि गच्चीभर पाणी उडवत वळवळू लागली.

"मारू नका! पाणी... पाणी बंद करू नका!" मी ओरडले.

"बाई, तुम्ही बाजूला व्हा. लागलंय तुम्हाला."

तिघं त्यांना खाली दाबून मारत होते. त्यांनी हात वर केले नाहीत, डोकं वाचवलं नाही. त्यांचा गाल ओल्या जमिनीवर होता आणि तोंड माझ्याकडे. एक काठी कानावर बसली, कान फाटला. मी रांगत जाऊन नळी पकडली. डाव्या हाताला जोर नव्हता, ती दोनदा निसटली, पाणी मालकांच्या छातीवरच पडत होतं. पोलिसांनी त्यांना पायांनी धरून जिन्याकडे ओढायला सुरुवात केली.

"छातीवर नको," मास्तर ओरडले. पुढच्या काठीने आवाज तुटला, तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. "मानेवर धरा, बाई. मानेवर."

मी नळी मानेवर धरली.